ड्रेनेज तुंबलं तर खर्च कुणाचा, तक्रार कुठे? नाशिकच्या घरमालकांसाठी पायरीवार मार्गदर्शक

ड्रेनेज तुंबलं की नाशिकमधल्या बहुतेक घरांत ठरलेला क्रम चालतो. आधी संडासात अॅसिड ओतलं जातं. मग ओळखीच्या नगरसेवकाला फोन जातो. मग कुणीतरी बांबूच्या पट्ट्या घेऊन येतो आणि पैसे घेऊन जातो. दोन दिवसांनी महापालिकेचे कर्मचारी येतात, रस्त्यावरचं मॅनहोल उघडतात आणि सांगतात, "आमची लाइन चालू आहे, तुमचं आतलं बघा." उलटंही तितकंच घडतं. रस्त्यातली मुख्य लाइन भरलेली असते आणि घरमालक अंगणातल्या फरश्या उखडून बसलेला असतो.

दोन्हीकडे चूक तीच आहे. अडथळा कुठे आहे हे शोधायच्या आधीच कुणाला बोलवायचं ते ठरवलं जातं. जबाबदारी ठरते ती अडथळ्याच्या जागेवरून. म्हणून आधी जागा, मग जबाबदारी, मग फोन, आणि शेवटी खोदाई. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या.

## आधी हद्द समजून घ्या

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दोन प्रकारची गटारं येतात: महापालिकेच्या ताब्यातली आणि खासगी. रस्त्याखालची मुख्य भुयारी गटार आणि तिची मॅनहोल महापालिकेची. त्यांची सफाई आणि दुरुस्ती महापालिकेनेच करायची. तुमच्या भांड्यापासून, मोरीपासून आणि बेसिनपासून कुंपणाजवळच्या शेवटच्या चेंबरपर्यंतचं सगळं तुमचं. खासगी गटार चालू स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. ते न केल्यास महापालिका नोटीस देऊन काम करून घेऊ शकते आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू शकते.

भांडण होतं ते मधल्या तुकड्यावरून. तुमच्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्यातल्या मॅनहोलपर्यंतचा पाइप, म्हणजे जोडणी. ती तुमच्या घरासाठी, तुमच्या अर्जावर आणि तुमच्या खर्चाने झालेली असते. त्यामुळे तिच्या दुरुस्तीचा खर्चही साधारणपणे मालकाकडेच येतो. पण पाइप सार्वजनिक रस्त्याखाली असल्याने परवानगीशिवाय तिथे कुदळ मारता येत नाही. खर्च तुमचा, परवानगी त्यांची, हे लक्षात असलं की निम्मे वाद मिटतात.

"आम्ही घरपट्टीत मलनिस्सारणाचा कर भरतो, मग आतलं का साफ करत नाहीत?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो कर सार्वजनिक यंत्रणेसाठी आहे: मुख्य लाइन, पंपिंग, तपोवन किंवा आगरटाकळीसारखी मलजल शुद्धीकरण केंद्रं. अंगणातल्या पाइपची देखभाल त्यात येत नाही.

घराच्या प्रकारानुसार हद्द थोडी सरकते.

सोसायटी किंवा अपार्टमेंट. फ्लॅटच्या आतले ट्रॅप (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारे वाकडे पाइप) आणि फिटिंग त्या सभासदाचं. बाहेरच्या भिंतीवरचे किंवा डक्टमधले उभे सामाईक पाइप, आवारातली लाइन, चेंबर आणि सेप्टिक टँक संस्थेचं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टँकची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाची म्हणून दिलेली आहे. नाशिकमध्ये १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या इमारतीही पुष्कळ आहेत. तुमची तशी असेल तर सामाईक काय आणि खासगी काय, हे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदलेल्या घोषणापत्रात पाहा.

खासगी लेआऊट. आतले रस्ते आणि गटार महापालिकेकडे वर्ग झाले आहेत का, हा इथला पहिला प्रश्न. झाले नसतील तर प्लॉटसमोरची लाइन रस्त्यात असूनही ती लेआऊटधारकांचीच समजली जाते. विभागीय कार्यालयात एकदा लेखी विचारून ठेवा.

जुन्या नाशकातले वाडे. एका चौकातून चार बिऱ्हाडांचं पाणी जातं आणि मालक एक, भाडेकरू अनेक. जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालकाची. मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही.

सिडकोच्या योजनांतली घरं. मूळ घरं लहान, आणि नंतर मोकळ्या जागेत खोल्या वाढवलेल्या. अनेक ठिकाणी मूळ चेंबर आज स्वयंपाकघराच्या ओट्याखाली किंवा जिन्याखाली आहे. हद्द तीच राहते, पण चेंबर सापडणं हेच मोठं काम होऊन बसतं.

> तपासा: तुमचं घर खरंच भुयारी गटाराला जोडलेलं आहे का? शहराच्या कडेच्या काही वस्त्यांत अजून सेप्टिक टँक आहेत, आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. टँक असेल तर उपसण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची. ते काम दर दोन-तीन वर्षांनी व्हायला हवं.

## टप्पा १: तुंबायच्या आधी कागद आणि नकाशा

ही तयारी एका रविवारी होते आणि पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडते.

१. मंजूर इमारत नकाशाची प्रत काढा. त्यात ड्रेनेज लाइन आणि चेंबर दाखवलेले असतात. प्रत्यक्षात बिल्डरने थोडं इकडेतिकडे केलेलं असतं, तरी दिशा कळते.

२. भोगवटा दाखला, ड्रेनेज जोडणीचं मंजुरीपत्र आणि अलीकडचं घरपट्टीचं बिल एका फाइलमध्ये ठेवा. जोडणीचा कागद मिळत नसेल तर विभागीय कार्यालयात मागा.

३. अंगणात फिरून प्रत्येक चेंबर शोधा आणि कागदावर साधा नकाशा काढा. दोन ठरलेल्या जागांपासून, म्हणजे समजा घराच्या कोपऱ्यापासून आणि गेटच्या खांबापासून, प्रत्येक चेंबरचं अंतर टेपने मोजून लिहा. नंतर कुणी वर फरशी टाकली तरी जागा सापडते.

४. चेंबरना रस्त्याच्या दिशेने क्रमांक द्या. घराजवळचं १, शेवटचं कुंपणाजवळचं.

५. कोणत्या संडासाचं, मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी कोणत्या चेंबरमध्ये येतं, ते पाहा. एकाने आत पाणी सोडायचं, दुसऱ्याने बाहेर बघायचं. संशय असेल तर पाण्यात थोडा खायचा रंग मिसळा.

६. गच्चीचं पावसाचं पाणी कुठे जातं ते याच वेळी पाहून घ्या. ते ड्रेनेजच्या चेंबरमध्ये येत असेल तर त्या लाइनवर जुलैत दरवर्षी संकट येणार, हे धरून चाला.

> नेहमीची चूक: अंगण छान दिसावं म्हणून चेंबरवर सलग टाइल्स बसवणं. चेंबर झाकायचंच असेल तर टाइल बसवलेलं उचलता येणारं झाकण मिळतं. पुरलेलं चेंबर म्हणजे अडथळा कुठे आहे हे समजण्याचा मार्ग कायमचा बंद.

## टप्पा २: तुंबल्यानंतरचा पहिला तास

१. घरातला पाण्याचा वापर पूर्ण थांबवा. वॉशिंग मशिन बंद, फ्लश बंद. इमारतीत वरच्या मजल्यांना निरोप द्या, कारण त्यांनी सोडलेलं पाणी तळमजल्यावरच्या घरातच वर येणार.

२. काय काय तुंबलंय ते मोजा. फक्त एक बेसिन तुंबलं असेल तर अडथळा त्याच्याच ट्रॅपमध्ये आहे, पुढचं काही वाचायची गरज नाही. एका बाथरूममधलं सगळं तुंबलं असेल तर त्या बाथरूमपासून चेंबर १ पर्यंतचा पाइप. तळमजल्यावरचं सगळंच वर येत असेल तर आवारातली लाइन किंवा त्यापुढचं.

३. फोटो काढा आणि वेळ लिहा. तक्रारीत आणि सोसायटीच्या बैठकीत हेच कामाला येतं.

> इशारा: अॅसिड ओतू नका. पुढे जो माणूस पाइपमध्ये सळई घालणार आहे, त्याच्या अंगावर ते उडतं. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

## टप्पा ३: चेंबर क्रमाने उघडा

सगळ्या लेखात हाच टप्पा नीट समजून घ्या. चुका इथे होतात आणि पैसे इथेच वाचतात.

झाकण उचलायला दोन माणसं आणि दोन हूक घ्या. रबरी हातमोजे आणि बूट घाला, हातापायावर जखम असेल तर दुसऱ्याला पुढे करा. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार अशाच पाण्यातून येतात. झाकण काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं चेंबर उघडं राहू द्या, वर वाकू नका, जवळ काडी पेटवू नका. उघड्या चेंबरजवळ लहान मुलं येणार नाहीत याची सोय आधी करा.

आता घराकडून रस्त्याकडे जा.

- चेंबर १ कोरडं, आणि घरात पाणी तुंबलेलं: अडथळा घर आणि चेंबर १ यांच्यामध्ये.
- चेंबर १ भरलेलं, २ कोरडं: त्या दोघांच्या मधल्या पाइपमध्ये. पुढेही हाच नियम. ओळीत शेवटचं भरलेलं चेंबर आणि त्याच्या लगेच पुढचं कोरडं चेंबर, यांच्यामध्ये अडथळा आहे.
- सगळी चेंबर भरलेली: अडथळा शेवटच्या चेंबरमध्येच आहे किंवा त्यापुढे.

तिसऱ्या बाबतीत लगेच महापालिकेला फोन करू नका. शेवटच्या चेंबरमध्ये पुष्कळदा इंटरसेप्टिंग ट्रॅप, म्हणजे रस्त्यातल्या गटाराचा वायू घराकडे येऊ न देणारा ट्रॅप, बसवलेला असतो, आणि जुन्या घरांत सगळा कचरा तिथेच अडकतो. तो तुमच्या हद्दीत येतो. प्लंबरकडून बाहेरूनच सळई घालून तो मोकळा करून पाहा. पातळी झरझर उतरली तर काम झालं.

उतरली नाही, तर ही परीक्षा करा. घरातला वापर पूर्ण बंद ठेवा आणि शेवटच्या चेंबरच्या भिंतीवर खडूने पातळीची खूण करा. अर्ध्या तासाने पाहा. तुमच्याकडून एक थेंबही जात नसताना पातळी वाढत असेल, तर ते पाणी बाहेरून येतंय, म्हणजे मुख्य लाइन भरली आहे. पातळी आहे तिथेच राहिली तर जोडणीच्या पाइपवर संशय घ्या. ही परीक्षा सकाळी नळाला पाणी येतं त्या वेळेत करा. तेव्हा मुख्य लाइनवर सर्वांत जास्त भार असतो आणि उत्तर स्पष्ट मिळतं.

शेजाऱ्यांनाही विचारा. रस्त्याच्या उताराकडे असलेल्या, म्हणजे तुमच्या पुढच्या घराचं चेंबरही भरलं असेल तर मुख्य लाइन. पण "शेजारी कुणालाच त्रास नाही, म्हणजे अडथळा माझाच" असा उलटा निष्कर्ष काढू नका. तुमचं घर त्या लाइनवर सगळ्यांत सखल असेल, तर मुख्य लाइन तुंबल्यावर पहिली घाण तुमच्याच अंगणात येते. नाशिकमध्ये डांबराचे थर चढून रस्ते उंच झालेले आणि जुनी घरं खाली राहिलेली, अशी उदाहरणं कमी नाहीत.

> तपासा: ड्रेनेज तुंबलेलं असतानाच नळाचं पाणी गढूळ किंवा वासाचं येतंय का? नळाची लाइन चेंबरमधून किंवा गळक्या ड्रेनेजला खेटून गेली असेल, तर पाणी बंद असतानाच्या काळात घाण आत ओढली जाते. असं दिसलं तर पाणीपुरवठा विभागाकडे त्याच दिवशी वेगळी तक्रार करा आणि तोवर ते पाणी पिऊ नका.

## थांबा: चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका

इथे कुठलीही सवलत नाही. मैल्याच्या चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. "आता वास गेला, उतरतो" म्हणणारा माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवण्यावर बंदी आहे. ही बंदी खासगी घरमालकाला आणि सोसायटीलाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूसाठी द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या घरची घाण काढताना कुणाचा मुलगा, कुणाचा बाप मरावा हे कुठल्याच घराला परवडणारं नाही. जेटिंग मशिन (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने पाइप मोकळं करणारं) आणि सक्शन गाडी (मैला ओढून घेणारी) मिळते. "पाचशे रुपयांत उतरून काढतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने "चालतं हो" म्हटलं तर त्यालाही थांबवा.

## टप्पा ४: उत्तरावरून रस्ता निवडा

अडथळा घरात किंवा आवारात: टप्पा ६ कडे जा. मुख्य लाइनमध्ये: टप्पा ५. जोडणीच्या पाइपमध्ये: आधी टप्पा ५ मधली तक्रार करून रस्त्यावरचं मॅनहोल कर्मचाऱ्यांकडून तपासून घ्या, मग टप्पा ७. रस्त्यावरचं मॅनहोल स्वतः उघडू नका. ते तुमचं नाही, आणि रहदारीत उघडं राहिलं तर अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येईल.

## टप्पा ५: महापालिकेकडे तक्रार

नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे सिडको, आणि सातपूर. तुमची तक्रार तुमच्या विभागीय कार्यालयाच्या भुयारी गटार विभागाकडे जायला हवी. शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात दिलेला अर्जही शेवटी तिथेच येतो, फक्त उशिरा. महापालिकेच्या मोबाइल अॅपवरूनही तक्रार करता येते. मार्ग कोणताही घ्या, तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय तक्रार झाली असं समजू नका. फोनवरचं "पाठवतो माणूस" हे आश्वासन आहे, नोंद नाही.

आणखी एक गोंधळ टाळा. नाशिकमध्ये भुयारी गटार आणि पावसाळी गटार या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. रस्त्याकडेच्या जाळीत पावसाचं पाणी तुंबलंय आणि तुम्ही "ड्रेनेज चोकअप" लिहिलंत, तर चुकीची माणसं चुकीची साधनं घेऊन येतात. मैल्याचं पाणी आहे की पावसाचं, हे पहिल्याच ओळीत लिहा. जुन्या नाशकात दहीपूल-सराफ बाजार भागात जोरदार पावसात झाकलेल्या सरस्वती नाल्याचं पाणी वर येतं तेव्हा दोन्ही मिसळतात. तिथे दोन्ही गोष्टींचा स्वतंत्र उल्लेख करा.

तक्रारीत भावना कमी आणि तपास जास्त असावा. असं लिहा:

> "आमच्या आवारातील चारही चेंबर आज सकाळी ७ वाजता उघडून पाहिले. चारही चेंबर भरलेले असून इंटरसेप्टिंग ट्रॅप सकाळीच साफ करून घेतला आहे. घरातील पाण्याचा वापर पूर्ण बंद असताना शेवटच्या चेंबरमधील पातळी अर्ध्या तासात वाढली. पुढील दोन घरांतही हीच स्थिती आहे. रस्त्यातील मुख्य भुयारी गटार भरली असल्याने समोरील मॅनहोलपासून पुढे तपासून ती यंत्राद्वारे मोकळी करावी. फोटो सोबत जोडले आहेत."

खाली पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण आणि घरपट्टीच्या बिलावरचा मिळकतीचा क्रमांक. शेजाऱ्यांच्या सह्या असतील तर उत्तम. असा अर्ज हातात असलेल्या माणसाला "तुमचं आतलं बघा" म्हणून परत पाठवणं अवघड जातं.

कर्मचारी येतील तेव्हा घरी थांबा. मॅनहोलमध्ये पाणी वाहतं आहे की तुंबलेलं आहे, ते स्वतः पाहा आणि फोटो घ्या. लाइन मोकळी केल्यावर तुमच्या शेवटच्या चेंबरची पातळी उतरली की नाही ते त्यांच्यासमोरच दाखवा. मुख्य लाइन वाहती असूनही तुमची पातळी तशीच राहिली, तर जोडणीचा पाइप तुंबलाय हे तिथेच सिद्ध झालं. एकाच फेरीत दोन प्रश्न सुटतात.

दाद मिळाली नाही तर वरच्या पायऱ्या चढा: शाखा किंवा कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, मग आयुक्त. प्रत्येक अर्जात आधीचा तक्रार क्रमांक लिहा. एकच लाइन पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. तीन गोष्टी मागा: तुमच्या रस्त्यावरच्या गटाराचा नकाशा आणि पाइपचा व्यास, शेवटच्या सफाईच्या नोंदी, आणि तुमच्या तक्रारीवर काय कारवाई झाली त्याची प्रत. पाइप वस्तीच्या मानाने लहान आहे हे कागदावर आलं की मागणी सफाईची राहत नाही, नव्या लाइनची होते.

## टप्पा ६: स्वतःच्या हद्दीतली दुरुस्ती

आधी साफ करा, लगेच खोदू नका. पाइप अखंड असेल तर जेटिंगने काम होतं. साफ केल्यावर काय बाहेर आलं ते जरूर पाहा. कापड, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स निघाले तर सवय बदलायची आहे. घट्ट पांढरा मेण्यासारखा थर निघाला तर स्वयंपाकघरातलं तेल-तूप. तळमजल्यावर मिसळीचं हॉटेल किंवा खानावळ असेल, तर त्यांच्याकडे ग्रीस ट्रॅप आहे का ते विचारा. केसांसारखी मुळं निघाली तर सांधा फुटलेला आहे आणि झाड आत शिरलं आहे. माती-मुरूम निघाला तर पाइप बसला आहे. शेवटच्या दोन कारणांत खोदण्याला पर्याय नाही.

नाशिकच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. उन्हाळ्यात ती आक्रसून भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, आणि दर वर्षीच्या या हालचालीत पाइपचे सांधे सुटतात. म्हणून नवा पाइप थेट काळ्या मातीवर टाकू देऊ नका.

१. चर खोदल्यावर तळ एकसारखा उतरता करा. ठोकताळा असा: चार इंची पाइपला ४० फुटांमागे १ फूट उतार, सहा इंचीला ६० फुटांमागे १ फूट. मिस्त्रीला "नजरेने" उतार काढू देऊ नका, पाण्याची नळी किंवा लेव्हल लावायला सांगा.

२. खाली वाळू किंवा बारीक कचेचा थर, त्यावर पाइप, बाजूंनीही तोच थर.

३. प्रत्येक वळणावर चेंबर. काटकोनी एल्बो जमिनीत पुरू नका, पुढचा अडथळा नेमका तिथेच होतो.

४. चेंबरच्या तळाला पाइपच्या रेषेत अर्धगोल नाली करून घ्या. सपाट तळ ठेवला तर मैला तिथे साचून राहतो.

५. बुजवण्यापूर्वी पाण्याची चाचणी. पाइपचं खालचं तोंड बंद करून पाणी भरा आणि पातळी उतरते का पाहा. मग बुजवा.

६. गली ट्रॅपचं (मोरी-बाथरूमचं सांडपाणी घराबाहेर ज्यात पडतं तो जाळीचा ट्रॅप) तोंड घराच्या जोत्यापेक्षा खाली आणि अंगणापेक्षा थोडं वर ठेवा. लाइन तुंबली तर घाण अंगणात येते, बाथरूममध्ये नाही, आणि अंगणातलं पावसाचं पाणीही आत जात नाही. एवढी एक गोष्ट नीट असलेल्या घरांत मोठं नुकसान टळतं.

रस्त्यापेक्षा खाली असलेल्या संडासाला, पार्किंगमधल्या वॉचमनच्या संडासाला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह हवाच. तो चेंबरमध्ये बसवा, म्हणजे वर्षातून एकदा उघडून साफ करता येतो.

> नेहमीची चूक: ड्रेनेज तुंबतं म्हणून पाइप काढून पावसाळी गटारात किंवा नाल्यात सोडणं. ते बेकायदा आहे, आणि ते पाणी शुद्धीकरण केंद्राला न जाता थेट नंदिनीत, वालदेवीत, गोदावरीत जातं. ज्या रामकुंडावर आपण आपल्या माणसांचं शेवटचं कार्य करतो, त्याच नदीत.

## टप्पा ७: रस्त्याखालची जोडणी

नवी जोडणी असो की जुनी बदलायची असो, क्रम हाच:

१. विभागीय कार्यालयात अर्ज. सोबत मालकीचा पुरावा, भरलेली घरपट्टी, मंजूर नकाशा, जोडणीचा आराखडा.

२. जागेची पाहणी. मॅनहोलची खोली मोजून मगच पाइपची पातळी ठरवा. तुमचं शेवटचं चेंबर मॅनहोलमधल्या वाहत्या पातळीपेक्षा खोल गेलं असेल तर जोडणी करूनही पाणी जाणार नाही.

३. शुल्क आणि रस्ता फोडण्याची स्वतंत्र परवानगी. पावसाळ्यात ही परवानगी सहसा मिळत नाही, म्हणून अर्ज दिवाळीनंतर करा, मेअखेर नको.

४. काम मान्यताप्राप्त प्लंबरकडून. जोड मॅनहोलमध्येच घ्या. मुख्य पाइपला मध्येच भोक पाडून घुसवलेला पाइप मुख्य लाइनच तुंबवतो.

५. रस्ता बुजवण्याआधीचे फोटो आणि शुल्काच्या पावत्या फाइलमध्ये.

ड्रेनेज जोडणी ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची अधिसूचित सेवा आहे. अर्जाची पोच घ्या. ठरलेल्या मुदतीत जोडणी मिळाली नाही तर अपील करता येतं.

सिंहस्थामुळे शहरात रस्त्यांची कामं जोरात आहेत. तुमच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण होणार असेल आणि जोडणी जुनी, मातीच्या पाइपची असेल, तर आत्ताच अर्ज करा. काँक्रीट पडल्यावर तोच पाइप बदलणं कितीतरी महाग जातं आणि परवानगीही लवकर मिळत नाही.

जुना सेप्टिक टँक असेल तर जोडणीनंतर तो यंत्राने उपसून, मुरूम भरून बंद करा. रिकामा टँक अंगणाखाली तसाच सोडणं धोक्याचं आहे, स्लॅब कधी खचेल सांगता येत नाही.

## टप्पा ८: पैशांची वाटणी

बिल्डर. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर आधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्यानुसार पाच वर्षांच्या आत दाखवलेला बांधकामाचा दोष त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. चुकीचा उतार आणि बसलेला पाइप हे कामातलेच दोष आहेत. कळवण्याआधी स्वतः दुरुस्ती केली तर पुरावाच जातो, म्हणून आधी पत्र आणि फोटो, मग हात लावा.

सामाईक लाइन. रो-हाऊसमध्ये पाच-सहा घरांचं पाणी एकाच खासगी लाइनने शेवटच्या घराच्या अंगणातून जातं. त्रास शेवटच्याला आणि घाण सगळ्यांची. खर्च सर्वांनी समान वाटून घ्यावा. आपल्या भागापुरतंच देऊ, असा हट्ट वरच्या घरांनी धरू नये, कारण त्यांचं पाणी पूर्ण लाइनमधून जातं. एक पानाचा लेखी करार करा: खर्चाची वाटणी, वर्षातून एकदा सफाई, आणि कुणीही चेंबर बुजवायचं नाही. शेजारी पाइप जाऊच देत नसेल, तर दुसऱ्याच्या जागेतून गटार नेण्यासाठी महानगरपालिका अधिनियमात आयुक्तांकडे अर्ज करण्याची तरतूद आहे. भांडण पोलीस चौकीत नेण्याआधी हा अर्ज करा.

वरचा फ्लॅट. छतातून गळतंय म्हणून लगेच वरच्या सभासदावर ढकलू नका. वरच्यांनी एक दिवस नहाणी वापरू नये, बाकी इमारतीचा वापर चालू ठेवावा. तरीही गळती चालू राहिली तर दोष उभ्या सामाईक पाइपचा, म्हणजे खर्च संस्थेचा. थांबली तर वरच्या फ्लॅटचा ट्रॅप किंवा वॉटरप्रूफिंग पाहायचं, म्हणजे खर्च त्या सभासदाचा.

## मे महिन्यातली फेरी

पहिल्या पावसाच्या आधी, शक्यतो मेच्या मध्यापर्यंत:

- सगळी झाकणं उचलतात का, तडा गेलेलं झाकण आहे का
- प्रत्येक चेंबरमध्ये बादलीभर पाणी ओतून ते पुढच्या चेंबरमध्ये न थांबता पोचतं का
- इंटरसेप्टिंग ट्रॅप आणि उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह साफ आहे का
- गच्चीचा पाइप ड्रेनेजला कुणी जोडला तर नाही ना
- समोरच्या रस्त्याचं डांबरीकरण झालं असेल तर महापालिकेचं मॅनहोल डांबराखाली गेलं आहे का. गेलं असेल तर ते वर उचलून घेण्याची तक्रार पावसाआधीच नोंदवा, आणि तक्रार क्रमांक चेंबरच्या नकाशाच्या मागेच लिहून ठेवा.